सुतक न फिटलेली घरं

श्री. विशाल फुरिया
('लपाछपी', 'बळी' आणि 'छोरी'चे दिग्दर्शक) यांस,



जुलै २०१७ मधली गोष्ट. 'लपाछपी'चा दुपारचा खेळ बघून मी थिएटरबाहेर आले तेव्हा पाऊस नुकता उघडला होता. रस्त्यापलीकडे एक रसवंती होती. पावसाळ्यात तिथे कोण फिरकतंय! पण आत एक पोरगा चरक रिकामाच फिरवून बघत होता आणि चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. पुण्यात जन्म गेलेल्यांना हा आवाज म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आलं-लिंबू घातलेला रस, 'हाफ की फुल'. त्या दिवशी मात्र माझं पाऊल पुढे पडेना. भिंतीला टेकवलेल्या उसाच्या मोळीकडे मी नको इतका वेळ बघत राहिले. चाळिशी ओलांडलेली बाई भर रस्त्यात उसाला घाबरून उभी आहे म्हणून बरोबरची मैत्रीण हसत सुटली.

त्या घाबरण्याचं श्रेय तुमचं. ते पोचवायचं इतकी वर्षं राहून गेलं. आता लिहायला बसले आहे ती मात्र तेवढ्यासाठीच नाही. मला तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि मागण्याआधी थोडं भांडायचंही आहे.

पत्र उघड्यावर लिहिते आहे म्हणून गोष्ट चार ओळींत सांगते. कर्जात बुडालेला नवरा तुषार आणि आठ महिन्यांची गरोदर नेहा शहर सोडून पळतात आणि ड्रायव्हर भाऊरावच्या खेड्यातल्या घरी येतात. घराला चहूबाजूंनी ऊस. घरात भाऊरावची बायको तुळसाबाई. मग नेहाला लपाछपी खेळणारी मुलं दिसू लागतात. पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहावा. मला त्यात सगळ्यात काय आवडलं असेल तर तुम्ही रात्रीची वाट बघितली नाहीत. आमच्या पिढीची मराठी भुतं बाराच्या ठोक्याला, वीज गेल्यावर, मेणबत्ती हातात घेऊन भेटायची. तुम्ही ती लख्ख उन्हात उभी केलीत. उसाच्या सरीत शिरलेल्या माणसाला चार हातांपलीकडचं दिसत नाही, पानं अंगाला कापतात, वारं नसलं तरी आत काहीतरी सळसळतंच, हे सगळं पश्चिम महाराष्ट्रातल्या कुणालाही ठाऊक आहे. ते भीतीचं साहित्य आहे हे मात्र तुम्ही दाखवलंत. आणि उषा नाईकांची तुळसाबाई! ती नेहाची काळजी घेते, आणि काळजी जसजशी वाढत जाते तसतसं आपल्याला वाटू लागतं की पोरी, ऊठ आणि पळ.

तुमचा चित्रपट लागण्याआधी चारच महिने, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये पुरून टाकलेले एकोणीस भ्रूण सापडले होते. तेव्हा मी ती बातमी वाचली, चुकचुकले आणि पान उलटलं. आपण सगळेच या बाबतीत पान उलटण्यात तयार झालोय. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा देशात महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. आणि २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. कायदा होता, आकडा होता, बातमी होती. थिएटरात पोटावर हात धरून उसातून धावणारी नेहा बघताना मला पहिल्यांदा असं वाटलं की हे मेलेले जीव कुणाचे तरी होते, आणि त्यांच्यासाठी कुणी रडलंही नव्हतं.

आपल्याकडे मरणाचाही दर्जा असतो. कर्ता पुरुष गेला की दहा दिवस सुतक, तेराव्याला गोडाचं जेवण, वर्षभर मासिक श्राद्ध, मग वर्षश्राद्ध. तान्हं मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. सुतक नावापुरतं, श्राद्ध नाहीच. आणि जे जन्मलंच नाही, जन्मू दिलं नाही, त्याचं तर काहीच नाही. जे सुतक धरलंच नाही ते फिटणार कधी? 'लपाछपी'तलं घर मला झपाटलेलं वाटलं ते यामुळे. तिथे कुणी तरी राहून गेलेलं सुतक मागायला येतं.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूची. आता भांडण.

तुम्ही उत्तरार्धात फार बोललात. पहिला तासभर मला जे हळूहळू, हाडात मुरत कळत होतं ते नंतर तुम्ही मागच्या काळात नेऊन, उलगडून, नीट समजावून सांगितलंत. सामाजिक संदेश प्रेक्षकापर्यंत पोचला पाहिजे ही काळजी मी समजू शकते. पण भूत एकदा संदेश देऊ लागलं की त्याची भीती उरत नाही, ते समुपदेशक होतं. तुळसाबाई नुसती पाट मांडून ताट वाढते आहे एवढंच आणखी अर्धा तास दाखवलं असतंत तरी माझ्यासारख्या प्रेक्षकाने सगळं ओळखलं असतं. प्रेक्षकाला एवढं ओळखता येतं हो.

दुसरी तक्रार अशी की तुम्ही मराठीतून निघूनच गेलात. 'छोरी' २०२१ मध्ये आला, हिंदीत. ऊस तोच, बोली बदलली. मग 'छोरी २', मग काजोलना घेऊन 'माँ'. तुमचं बरं चाललं आहे याचा आनंदच आहे. मधे मराठीत 'बळी' केलात. बायको गेलेला बाप, आजारी पडलेला मुलगा, आणि इस्पितळात मुलगा कुणाशी तरी बोलतोय जे बापाला दिसत नाही. मी तो घरी मोबाइलवर पाहिला आणि चुटपुटले. इस्पितळाच्या ओसाड इमारतीत तुम्ही भीती शोधत होतात, आणि मला मात्र त्या बापलेकांचं घर बघायचं होतं. बाई गेल्यानंतरचं घर. तिच्या हाताच्या उंचीवर लावलेले डबे, ज्यातला तळाचा मसाला कुणी वापरत नाही आणि टाकतही नाही. भुताला आणखी काय लागतं?

म्हणून मागणं असं: एक चित्रपट पुण्यात करा. मराठीत करा. एका घरात करा, तेरा दिवसांचा.

घर कुठलं, असं विचाराल. पुण्यात झपाटलेलं घर म्हटलं की रिक्षावालासुद्धा तुम्हाला शनिवारवाड्यापाशी सोडेल. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशव्यांचा खून, 'काका, मला वाचवा'. अमावास्येला अजून ऐकू येतं म्हणतात. मी वाड्यापासून दहा मिनिटांवर राहते. मला आजवर फक्त पीएमपीचे हॉर्न ऐकू आलेत. पण या किंकाळीच्या नादात एक गोष्ट आपण विसरून गेलो, आणि ती माझ्या मते तुमची गोष्ट आहे. नारायणराव गेले तेव्हा त्यांची बायको गंगाबाई गरोदर होती. नवऱ्याचा जीव घरातल्याच माणसांनी घेतलेला, पोटात पुढचा पेशवा असेल किंवा नसेल. मुलगा झाला तर राज्य, मुलगी झाली तर काहीच नाही. कारभाऱ्यांनी तिला जपण्यासाठी पुरंदरावर नेऊन ठेवली. तेव्हा कुजबूज अशी होती की तिच्याबरोबर आणखी काही गरोदर बायका गडावर ठेवल्या आहेत, मुलगी झालीच तर बदलायला. खरं-खोटं देव जाणे, पण ती कुजबूज नक्की गंगाबाईच्याही कानावर गेली असेल. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, सवाई माधवराव. एकविसाव्या वर्षी, १७९५ मध्ये, तोही शनिवारवाड्यातूनच खाली पडून गेला.

आणि गडावर तिच्यासोबत कोण होतं, ठाऊक आहे? पार्वतीबाई. सदाशिवरावभाऊंची बायको. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊ पडले. पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या, तिथून जिवानिशी परत आल्या. सगळ्यांनी सांगितलं, भाऊ गेले. बाईंनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही, विधवेचा वेष घेतला नाही. पुढे उत्तरेकडून एक माणूस आला, मीच भाऊ म्हणून. तोतयाच होता तो. कैदेत पडला, सुटला, फौज जमवली, कोकणातले किल्ले घेतले, आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला देहांत शासन झालं. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. पण नाटकातलं बंड बाजूला ठेवा आणि नुसती पार्वतीबाईंची खोली डोळ्यांपुढे आणा. वर्षानुवर्षं रोज सकाळी कुंकू लावणारी बाई. घरातलं कुणी तिला काही बोलत नाही. दासी डबी पुढे करतात, नजर मात्र खाली. आणि एक दिवस निरोप येतो की ते आलेत.

फुरियासाहेब, याहून वेगळं भूत कशाला हवं? गडावर धुकं आहे, दोन बायका आहेत. एकीला पोटातल्याची धास्ती आणि दुसरी गेलेल्याची वाट बघते. बाहेर पहारा, आणि तो पहारा त्यांना वाचवायला आहे की कोंडायला हे दोघींनाही नीटसं कळत नाही. तुमचीच नेहा आणि तुमचीच तुळसाबाई, फक्त अडीचशे वर्षांपूर्वीची.

ऐतिहासिक म्हटलं की खर्च आला, फेटे आले आणि कुणाच्या तरी भावनाही आल्या, हे कळतं मला. मग साधं घर घ्या. पेठेतलं, दोन खोल्यांचं. सुतकाच्या घरात भयपटाचं सगळं सामान आयतं असतं. ज्या जागी माणूस गेला तिथे दिवा लावतात, दक्षिणेकडे तोंड करून. तो दहा दिवस विझू द्यायचा नाही, म्हणजे कुणीतरी रात्री उठून तेल घालायचं. पुष्कळ घरांत दिव्यापाशी पीठ चाळून पसरतात आणि वर टोपलं झाकतात. मग टोपलं उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं, गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून. पक्ष्याचा पाय, सापाची रेघ, तान्ह्याचं पाऊल. माझ्या आजीच्या वेळी मी सात-आठ वर्षांची होते. टोपलं उचलताना सगळी मोठी माणसं एकदम गप्प झाली होती. त्या शांततेसारखी शांतता मी नंतर कुठल्याही थिएटरात अनुभवली नाही. पिठावर काहीही उमटलं नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच त्या रात्री मी झोपले नाही.

आणि दहाव्याला कावळा. बाबा गेले २००३ मध्ये. दहावा ओंकारेश्वरावर. बायकांनी घाटावर जायचं नसतं असं आत्या म्हणत होती, मी गेले. पिंड मांडले, सगळे मागे सरकलो. कावळे होते, भरपूर होते, भिंतीवर रांग लावून बसले होते. एकही खाली येईना. मग सुरू झालं. काका पुढे झाले, हात जोडून म्हणाले, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. कावळा ढिम्म. आत्याचे यजमान म्हणाले, पोरीचं लग्न आम्ही करून देऊ. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं; कावळ्याने नाही. कुणीतरी म्हणालं, तंबाखूची पुडी ठेवा, त्यांना आवडायची. ठेवली. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करायला लागले, कारण त्यांना पुढे आणखी दोन होते. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ पुढे गेला. एकोणीस वर्षांचा होता. तो पिंडापाशी उकिडवा बसला आणि काहीतरी पुटपुटला, इतक्या हळू की शेजारी उभ्या काकांनाही ऐकू गेलं नाही. उठून तो चार पावलं मागे येतोय तोच कावळा उतरला.

काय बोलला, हे त्याने कधीच सांगितलं नाही. पुढे अठरा वर्षं आम्ही विचारत राहिलो, तो हसायचा.

आता तुम्ही म्हणाल, बाई कावळ्यावर विश्वास ठेवते. नाही ठेवत. मी भूतही मानत नाही. त्याच ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेल्या, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी पुलावर जाऊन उभी राहिले होते, आणि खाली घाटावर कुणाचा तरी दहावा उरकला होता त्याचे द्रोण पडलेले दिसत होते. या गावात राहणाऱ्या माझ्यासारखीला भुताच्या चित्रपटाची आवड म्हणजे थोडी चोरीच वाटते. मी स्वतःची समजूत अशी घातली आहे की मला भूत बघायचं नसतं, भूत दिसणारं माणूस बघायचं असतं. कावळा भुकेने उतरला असेल किंवा गर्दी मागे हटली म्हणून उतरला असेल. पण पोटातलं मोठ्याने कबूल करायला लावणारी ती वेळ, आणि सगळ्यांसमोर मनातलं बोलायची ती सोय, याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

जेनिफर केंट नावाच्या ऑस्ट्रेलियन बाईंचा 'द बाबाडुक' (२०१४) तुम्ही नक्की पाहिला असेल. नवरा अपघातात गेलेली आई, हट्टी मुलगा, आणि पुस्तकातून घरात शिरलेलं काळं काहीतरी. शेवटी ते मरत नाही. तळघरात राहतं, आणि आई त्याला वाडग्यात गांडुळं नेऊन देते. परदेशी समीक्षकांनी त्याचं रूपक म्हणून खूप कौतुक केलं. मी बघताना म्हटलं, अगं बाई, ही तर काकबळी ठेवते आहे! आपल्याकडे भाद्रपदात घरोघरी, गच्चीच्या कठड्यावर, हेच चालतं. दुःखाला वर्षातून एकदा जेवायला घालायचं आणि मग आत येऊन आपण जेवायचं. त्यांना शोधून काढावं लागलं ते आपल्याकडे पंचांगात छापून येतं. आणि तरी आपले भयपट उसने सांगाडे आणि पांढऱ्या साड्या घेऊन फिरतात. ('रात्रीस खेळ चाले' याला थोडा अपवाद होता. ती मालिका २०१६ मध्ये सुरूच झाली अण्णा नाईकांच्या मरणाने, आणि पहिले काही भाग आकेरीच्या त्या घरात माणसं नुसती गोळा होत होती, कुजबुजत होती, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. मग भागांची संख्या वाढत गेली आणि काटा बसला.) 'तुंबाड'सुद्धा घ्या. सगळे हस्तर आणि सोन्याच्या मोहरांबद्दल बोलतात. मला आठवतं ते सुरुवातीचं: धाकटा मुलगा झाडावरून पडून जातो, आणि आई थोरल्याला घेऊन पुण्याला निघते. पाऊस पडतोय, छकडा चाललाय, आणि धाकट्यासाठी थांबायला कुणाला वेळ नाही. पुढचं सगळं अरिष्ट मला त्या न थांबण्यातून आलेलं वाटतं.

आवाजाबद्दल एक विनंती. तुमच्या चित्रपटांत संगीत आधी घाबरतं आणि मग आम्हाला घाबरायला सांगतं. ते नको. लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे प्रभात फिल्म कंपनी असताना, १९३७ मध्ये, शांतारामबापूंनी 'कुंकू' केला. पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, आणि म्हाताऱ्या काकासाहेबांचं ते घड्याळ. तो भयपट नव्हे, पण त्यांची तरुण बायको नीरा त्या घरात वावरते आणि घड्याळ टिकटिकत राहतं तेव्हा त्या घरात कुणीतरी आधीच मेलेलं आहे असं वाटतं. एवढी मोठी शाळा आपल्या घरात आहे. तुम्ही पुण्याला आलात तर तिथे एकदा जाऊन उभे राहा.

आणि आता तुम्हाला एक आवाज देते. हवा तर वापरा.

आमचं घर नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आजोबांचा वाडा पाण्यात बसला. त्या जागेवर तीन मजली इमारत उभी राहिली. खालच्या हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवायची मोटर पहाटे सुरू करायचं काम बाबांचं. पाच चाळीसला. एक दिवस चुकायचे नाहीत. ते गेल्यावर हे काम कोण करणार यावरून बिऱ्हाडकरूंची बैठक बोलावणार होते, पण ती झालीच नाही. नऊच्या आत कधी न उठलेला माझा भाऊ दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच चाळीसला खाली जाऊ लागला. आम्हाला वाटलं, चार दिवसांचं नवं आहे. अठरा वर्षं टिकलं.

एप्रिल २०२१ मध्ये तो गेला. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. पाच दिवस इस्पितळात होता, शेवटचं भेटू दिलं नाही. चेहरा झाकलेला होता. वैकुंठ स्मशानभूमीत एकालाच आत सोडलं, काकांचा मुलगा गेला, अंगभर प्लास्टिक घालून. दहावा नाही, कावळा नाही, पिठाचं टोपलं नाही. आई, मी, सगळेच घरात कोंडलेले, आम्हा दोघींचे कोविडचे रिपोर्ट पॉझिटिव्ह. गुरुजींनी फोनवर सांगितलं, नंतर एकत्र करू. एकत्र कधी केलं नाही. आम्हाला कुणी सुतकही पाळायला सांगितलं नाही, कारण आमच्याकडे तसंही कुणी येत नव्हतं.

इस्पितळातून एका पिशवीत त्याचा मोबाइल आला. कुलूप होतं, नक्षी कुणाला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला तो वाजला.

कुलूप उघडत नाही म्हणजे अलार्म कायमचा काढता येत नाही. वाजला की बंद करायचा, की दुसऱ्या दिवशी परत. बॅटरी संपली की आपोआप गप्प झाला असता, मी त्याचीच वाट बघत होते. चार दिवस झाले, आठवडा झाला, तो वाजतोच आहे. मग मला कळलं की आई रोज रात्री देवापाशी दिवा लावून झाला की तो चार्जिंगला लावते. त्याच कोपऱ्यात. दक्षिणेकडच्या.

मी काही बोलले नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

चार वर्षं झाली याला. आता इमारत पुनर्विकासाला जाते आहे. करार झाला, दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची. टाकीवर ऑटोमॅटिक बसवून दोन वर्षं उलटली, त्यामुळे पहाटे उठून खाली जायचं कारण कुणालाच राहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात सामान आवरायला म्हणून मी आईकडे राहिले. रात्री बराच वेळ झोप आली नाही. मग लागली ती अशी की अलार्म वाजला तेव्हा मी कुठे आहे हेच कळेना. बासरीचा सूर आहे, मोबाइलमध्ये असतो तसा. अंधारात आई उठल्याचं जाणवलं. भिंतीला हात लावत ती कोपऱ्यापर्यंत गेली. तिला पडद्यावरचं बोटाने सरकवायला जमत नाही, ती बाजूचं बटण दाबते. त्याने अलार्म बंद होत नाही, फक्त थोडा थांबतो. हे तिला माहीत आहे की नाही, मी विचारलेलं नाही.

"झोपू दे त्याला अजून दहा मिनिटं," ती म्हणाली.

मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. ती परत येऊन आडवी झाली. मीही पडून राहिले. खिडकीतून उजाडायला लागलं होतं, आणि आम्ही दोघी डोळे उघडे ठेवून, काही न बोलता, तो पुन्हा वाजायची वाट बघत होतो.

आपली,
एक प्रेक्षक
नारायण पेठ, पुणे